गुडघेदुखीच्या आयुर्वेदिक औषधाला आधुनिक चाचणी लावावी का?

सदाफुली

"गुडघ्यांसाठी आयुर्वेदिक गोळ्या सुरू करू का?" असं कुणी विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. "हजारो वर्षांचा अनुभव आहे, बिनधास्त घ्या" किंवा "सगळं थोतांड आहे, पैसे वाया घालवू नका." दोन्ही बाजूंना आपल्याच पुण्यात झालेलं काम ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा काढतेय.

पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर एक मोठी चाचणी केली. 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात ती २०१३ साली छापून आली. पैसा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या योजनेतला, म्हणजे तुमचा-माझाच. ४४० रुग्ण, २४ आठवडे, चार गट. दोन गटांना सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या अर्कांची दोन वेगवेगळी मिश्रणं, तिसऱ्याला ग्लुकोसामिन हे सांध्यांसाठी घेतलं जाणारं पूरक, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. कोण काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. शेवटी दुखणं आणि हालचाल यांत चारही गट जवळजवळ सारखे निघाले.

आता जाहिरातीत कधीच न येणारी बाब. सात जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, वाढलं, आणि हे सातही जण आयुर्वेदिक गटांतले होते. त्यांना त्रास काही जाणवत नव्हता, यकृताच्या बाकीच्या तपासण्या ठीक होत्या. त्यांना चाचणीतून बाहेर काढून औषध थांबवलं, आकडा पूर्ववत झाला. दर ठरावीक काळाने रक्त तपासलं गेलं म्हणून हे कळलं. घरी डबीतून काढून खाणाऱ्याला कसं कळणार?

आज ग्रंथातल्या कृतीप्रमाणे बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवाना घेताना परिणामकारकतेची नवी चाचणी द्यावी लागत नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. माझं म्हणणं, हे बदललं पाहिजे. विकायचं असेल तर आधी चाचणी, आणि पोषणाच्या नावाने खपणाऱ्या पावडरी-कॅप्सुलींनाही तोच नियम. विरोधी मतं जरूर मांडा, विशेषतः वैद्य मंडळींनी.

वैद्य निशिगंधा

सदाफुली, पुण्याच्या कामाबद्दल मलाही आदर आहे. सक्तीला मात्र माझा ठाम विरोध आहे.

गुडघा धरून दोन रुग्ण आले तर मी दोघांना एकच औषध देत नाही. एकाचा सांधा कोरडा, जिना चढताना कटकट वाजणारा, थंडीत आखडणारा. त्याला तेल, शेक, जानुबस्ती (गुडघ्यावर पाळं करून त्यात कोमट तेल धरणं). दुसऱ्याचा गुडघा सुजलेला, जड, सकाळी अंग जखडलेलं, जिभेवर पांढरा थर, भूक मेलेली. त्याला तेल लावलं तर दुखणं वाढतं, आधी आमाचं, म्हणजे नीट न पचलेल्या अंशाचं, पाचन करावं लागतं, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक द्यावा लागतो. या दोघांवर 'गुडघ्याची झीज' अशी एकच चिठ्ठी चिकटवून सरासरी काढलीत तर तुम्ही एका गोळीची परीक्षा घेतलीत. माझी चिकित्सा त्यात कुठेच तपासली गेली नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. सिंहनाद गुग्गुळ किंवा महारास्नादि काढा यांच्यावर कुणाची मालकी नाही, परवाना असलेली कोणतीही फार्मसी ती बनवू शकते. ज्याचं पेटंट मिळणार नाही त्याच्या चाचणीवर कोट्यवधी रुपये कोण घालेल? सक्ती आली तर जाहिरातवाल्या मोठ्या कंपन्या त्यांची स्वतःची मिश्रणं घेऊन तगतील, आणि काढा अजूनही भट्टीवर आटवणाऱ्या, आमच्या भागातल्या लहान फार्मस्या कुलूप लावतील. रुग्णाच्या हाती काय उरेल, याचा विचार करा.

काळा कातळ

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो. माझा दोघींशीही वाद आहे.

सदाफुली, तुम्ही पुण्याच्या निकालावर फार भार टाकताय. त्या चाचणीत प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा, गट नव्हता. 'सेलेकॉक्सिबच्या बरोबरीचं' हे ऐकायला भारी वाटतं, पण गुडघेदुखीत नुसत्या प्लासिबोनेही भरपूर लोकांना बरं वाटतं. अमेरिकेत 'गेट' नावाची १,५८३ रुग्णांची चाचणी झाली, २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात प्लासिबोवर ६०.१ टक्के लोकांचं दुखणं ठरवलेल्या प्रमाणात उतरलं. ग्लुकोसामिनवर ६४ टक्के, सेलेकॉक्सिबवर ७०.१ टक्के. म्हणजे पुण्यात ज्यांच्याशी तुलना केली त्यातलं ग्लुकोसामिन तिथे प्लासिबोपेक्षा ठामपणे सरस ठरलंच नव्हतं. चार गट सारखे निघाले याचा अर्थ चारही औषधं गुणकारी असा असू शकतो. किंवा असाही असू शकतो की झिजेचं दुखणं मुळात चढतं-उतरतं, लोक ते चढलेलं असताना डॉक्टरकडे येतात, आणि सहा महिने कुणी आस्थेने विचारपूस केली की आराम पडतो. यातलं खरं कोणतं, हे प्लासिबो गटाशिवाय सांगता येत नाही.

वैद्यबाई, 'प्रत्येकाला वेगळं औषध, म्हणून चाचणी शक्य नाही' हा आक्षेप मी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी ऐकतो. कोइम्बतूरला हे करून दाखवलं गेलंय. आमवातावर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॅनियल फर्स्ट आणि तिथले वैद्य यांनी मिळून केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. वैद्य रुग्ण तपासून आपल्या शास्त्राप्रमाणे औषध ठरवायचे. एका गटाला ते खरं आणि मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं नेहमीचं आधुनिक औषध खोटं, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट खरं आणि आयुर्वेदिक औषध खोटं, तिसऱ्याला दोन्ही खरी. ३६ आठवड्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रुग्ण फक्त ४३ होते, त्यामुळे त्यावरून 'आयुर्वेद मेथोट्रेक्सेटइतकाच' असं म्हणणं धोक्याचं आहे. कुणी ते वाचून आपलं मेथोट्रेक्सेट बंद करू नका, सांधे कायमचे वाकडे होतील. पण वैद्याचा निर्णय जसाच्या तसा ठेवूनही चाचणी घेता येते, एवढं त्यातून नक्की दिसलं.

मिरजेची मावशी

मोठमोठ्या चाचण्या मला कळत नाहीत, पण एक विचारते. करोनाच्या वेळी आमच्या गल्लीत कडुनिंबावरची गुळवेल लोकांनी पार बुंध्यापर्यंत कापून नेली. रोज सकाळी पेलाभर काढा, लहान मुलांनासुद्धा. ते एसजीपीटी वाढण्याचं प्रकरण गुळवेलीमुळेच का?

काळा कातळ

मावशी, पुण्याच्या चाचणीत अर्क एकत्र होते, त्यामुळे दोष गुळवेलीचाच असं तिथून म्हणता येत नाही. पण पुढचं ऐका. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेत असलेले, यकृताला सूज आलेली. ते प्रकरण २०२१ साली छापून आलं. आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं म्हटलं, दिसायला सारख्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी असा मुद्दा मांडला. त्यानंतर देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटते, अशा प्रकारचा हा आजार होता. ज्यांच्यात ती प्रवृत्ती आधीपासून दबून आहे त्यांना धोका जास्त दिसतो. लाखो लोकांनी काढा प्यायला आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही खरं. नेमका कुणाला त्रास होईल, हे शोधायचं काम बाकी आहे.

वैद्य निशिगंधा

मावशी, कातळसर, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय आणि त्याची मला चीड आहे. ग्रंथात गुळवेल रोज पेलाभर, महिनोन्‌महिने, घरातल्या सगळ्यांना, असं कुठेही सांगितलेलं नाही. मात्रा, काळ, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते), आणि मुख्य म्हणजे रोग, हे सगळं गाळून लोकांनी फक्त वेल उचलली. शिवाय झाडावरून कापलेली वेल नक्की कोणत्या जातीची, हे ओळखणारे किती? हा दोष आमच्या शास्त्राच्या माथी मारू नका.

आणि आम्ही चाचणीला घाबरतो असंही समजू नका. भगंदरावरचं क्षारसूत्र घ्या. बनारसला प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ते पुन्हा वापरात आणलं. धाग्यावर स्नुहीचा (निवडुंगाचा) चीक, अपामार्गाचा (आघाड्याचा) क्षार आणि हळद यांचे थरावर थर देऊन तो वाळवायचा, मग भगंदराच्या नळीतून ओवून ठरावीक दिवसांनी बदलायचा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली, निकाल १९९१ साली आला. पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, क्षारसूत्रानंतर ४ टक्के.

सदाफुली

निशिगंधाताई, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं! त्याच चाचणीत जखम भरायला क्षारसूत्राने साधारण आठ आठवडे घेतले आणि शस्त्रक्रियेने चार, हेही लिहिलंय. रुग्णाला दोन्ही आकडे सांगता येतात, मग तो त्याच्या नोकरीधंद्याकडे बघून ठरवतो. मला गुडघ्याच्या औषधाबाबत एवढंच हवंय.

भाकरतुकडा

मी आहारतज्ज्ञ. चर्चा औषधांवरच चालली आहे, आहाराकडे कुणी वळत नाही, म्हणून लिहिते.

पोषणाच्या उपचारावर आपल्या देशात झालेलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम म्हणजे झारखंडची 'राशन्स' चाचणी. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांची, 'लॅन्सेट'मध्ये २०२३ साली आली. २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रुग्णांना सगळ्यांनाच महिन्याला दहा किलोची शिधापिशवी. घरच्यांपैकी अर्ध्या गटांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांतल्या माणसांना हे मिळालं त्यांच्यात नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि थुंकीतून पसरणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ! यात कुठलीही महागडी पावडर नाही. असा निकाल हातात असल्यावर सरकारशी भांडता येतं. 'पोटभर खाल्लं की बरं वाटतं' एवढ्यावर कुणी निधी देत नाही.

आता दुसरी बाजू. बीटा-कॅरोटिन गाजरात असतं, गाजर खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असं निरीक्षणांत दिसलेलं, मग गोळीने काय बिघडणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ साली निकाल लागला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! पुढे अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या वाक्यावर हजारो लोकांनी वर्षानुवर्षं त्या कॅप्सुली विकत घेऊन खाल्ल्या. निशिगंधाताई, लहान फार्मसीची तुमची काळजी मला पटते, पण अशा कॅप्सुलीला मोकळं रान का द्यायचं?

वैद्य निशिगंधा

कॅप्सुलींच्या बाजूने मी एक शब्दही बोलले नाही. जिम आणि औषधाच्या दुकानात आयुर्वेदाचं लेबल लावून जे खपतं त्यावर चाचणीची सक्ती हवी, आजच हवी. माझा आग्रह एवढाच की वैद्याने रुग्ण पाहून दिलेलं औषध आणि टीव्हीवर बघून मागवलेली डबी यांना एकाच नियमाखाली आणू नका.

आणि तुमची राशन्स चाचणी सरकारच्या व्यवस्थेतून, क्षय केंद्रांतून झाली. पुण्याची सीएसआयआरच्या पैशाने, क्षारसूत्राची आयसीएमआरच्या. इथे आलेली देशातली चांगली उदाहरणं बघा, खाजगी फार्मसीवर सक्ती करून त्यातलं एकही काम झालेलं नाही. सर्वाधिक वापरातल्या शास्त्रोक्त औषधांची यादी करा, सरकारने खर्च करावा, आम्ही रुग्ण देतो, नोंदी देतो. सक्ती कसली करता?

काळा कातळ

यादीची कल्पना मला आवडली, एका अटीवर. चाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत ती नोंदवली जावी, आणि निकाल विरोधात गेला तरी छापला जावा. २००९पासून औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे. तरी नोंदवलेल्या सगळ्यांचे निकाल वाचायला मिळत नाहीत. आधुनिक औषधांतही हा रोग आहे, ते मी झाकत नाही.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचे रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. तोवर ही मुळी वैद्यांकडे शतकानुशतकं होती. त्यानंतर काही वर्षांत तिच्यातलं रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं, जगभर वापरलं गेलं, आणि काही रुग्णांना त्याने खोल नैराश्य येतं असं आढळल्यावर मात्रा खाली आणली गेली. वनस्पतीचं काही बिघडलं नाही, वैद्यांचंही नाही. सक्तीशिवाय हे कितीदा घडलं, ते मात्र मोजा. 'आम्ही सहकार्य करू' हे मी वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय.

मिरजेची मावशी

मग आत्ता, आज, मी काय करू? माझ्या गोळ्यांवर गुळवेल लिहिलंय. वैद्यांनीच दिल्यात.

वैद्य निशिगंधा

मावशी, ज्यांनी दिल्या त्यांना विचारून घ्या की किती दिवस घ्यायच्या, आणि यकृताची रक्ततपासणी एकदा करून घ्या. भूक एकदम गेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि तपासायला जा. पूर्वी कावीळ झाली असेल किंवा थायरॉइडसारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर तेही सांगा. माझ्या दवाखान्यात गुळवेलीचं औषध महिन्याच्या पुढे न्यायचं असेल तर मी आधी एसजीपीटी करून घेते. रुग्ण कुरकुरतात, "आयुर्वेदात रक्त कशाला काढता?" म्हणतात, तरी घेते. कातळसरांना त्या नोंदी हव्या असतील तर नावं काढून द्यायला माझी तयारी आहे. सक्तीच्या कायद्याला माझा विरोध मात्र कायम आहे.

काळा कातळ

नोंदी नक्की हव्यात. त्यात ज्यांचं एसजीपीटी वाढलं नाही तेही धरा, आणि जे मधेच यायचे थांबले त्यांचीही नावनिशी नसलेली यादी ठेवा. कायद्यावर आपलं जमणार नाही, तो वाद चालू ठेवू.