शाळेतलं विलगीकरण: गाव वाचलं की माणसं कोंडली?

शेतकरी, यवतमाळ
२०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या वेळी, पुण्या-मुंबईहून परतलेल्या पोरांना आमच्या गावानं जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ दिवस ठेवलं. परवा पारावर पुन्हा विषय निघाला, अर्धे म्हणतात त्यानंच गाव वाचलं. मला नाही पटत. मे महिना, वर टिनं, एका खोलीत नऊ जण, संडास एकच. माझा लहान भाऊ त्यात होता. एकाला असता तर नवांना झाला असता. कोंडवाडा होता तो.

आशा स्वयंसेविका, वर्धा
दादा, नऊ जण एका खोलीत ही चूकच. पण मी दारोदार फिरत होते. दोन खोल्यांचं घर, सासू दम्याची, सून बाळंतीण, आणि पोरगा पुण्याहून आलेला. त्याला कोणत्या कोपऱ्यात वेगळा ठेवायचा? माझ्या हातातलं यंत्र फक्त ताप सांगायचं. लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस लागत, कधी १४ सुद्धा, आणि त्याआधीच तो दुसऱ्याला देऊन मोकळा.

शेतकरी, यवतमाळ
मग नीट जागा द्यायची, दोन वेळचं जेवण द्यायचं. आमच्याकडं डबे घरून जायचे. २५ मार्चपासून टाळेबंदी, कापसाची खरेदी थांबलेली. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ५५५० रुपये, पण घेणारा कोण? कापूस घरातच पडून. भावाचा डबा आईनं उधारीवर भरला.

वाचक, अमरावती
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण दोन गोष्टी एकात कालवू नका. बाहेरून आलेल्याला वेगळं ठेवणं निराळं, सगळ्यांना घरात बसवणं निराळं. पहिलं ढिलं पडलं की दुसरं येतं. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, त्याआधी घरोघर प्रचार, मग लग्नसराई. कोण कुठून आला, कुणी विचारेना. २२ फेब्रुवारीपासून अमरावती-अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली. तेव्हाही माल शेतकऱ्याचाच अडकला.

शेतमजूर, चंद्रपूर
आम्ही तेलंगणात मिरची तोडाले गेलतो. काही पायी, काही ट्रकात, असे आलो. शाळेत ठेवलं त्याचं मले वाईट नाही वाटलं, लेकरं घरी सुखरूप होती. १४ दिवस भरले, घरी आलो, तरी हापशीवर हंडा लावू देत नव्हते. महिनाभर काम नाही सांगितलं कोणी. मुदत संपली हे गावाले सांगाले काहून कोणी आलं नाही?

आशा स्वयंसेविका, वर्धा
ताई, आमच्या गावात मुदत संपली की मी स्वतः माणसासोबत हापशीपर्यंत जायचे. पहिल्यांदा बाया बाजूला सरकल्या. मी आधी माझा हंडा लावला, मग त्याचा.

शेतकरी, यवतमाळ
आमच्याकडं असं कुणी गेलं नाही. भाऊ रात्री पाणी आणायचा.