लिबर्टी आणि एलिस आयलंड : एका दिवसाचं गणित कसं बसवावं?

मृण्मयी_एडिसन
नमस्कार मंडळी. सासू-सासरे नाशिकहून आलेत, पुढच्या शनिवारी त्यांना स्टॅच्यू ऑफ लिबर्टीला न्यायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, म्युझियममधली एकही पाटी वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, मुकुटापर्यंत चढू आणि एलिस आयलंड (पूर्वी परदेशातून येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची ते बेट) बोटीतूनच बघू. जमेल का? आणि बोट मॅनहॅटनहून धरावी की जर्सीहून?

हडसनकाठचा
नवरोबांचं ऐकू नका (वाचत असतील तर दिवे घ्या). मुकुटाची तिकिटं फार आधी संपतात, पुढच्या शनिवारची मिळणं कठीणच. मिळाली तरी चौथऱ्याच्या वर १६२ अरुंद, गोल पायऱ्या आहेत. तिथे लिफ्ट नाही, म्हणजे सासूबाई खालीच बसणार.

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला आहात, तर सरळ जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून जा. गाडी लावता येते. शिवाय तिथली बोट आधी एलिसला थांबते, मग पुतळ्याला. मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कहून उलटं. लोक पुतळ्यापाशी फोटो काढण्यात दमतात आणि एलिसला पोचतात तेव्हा परतीची घाई असते. सासऱ्यांना ताज्या डोक्याने पाट्या वाचू द्या! तिकीट एकच, त्यात दोन्ही बेटं येतात.

सकाळची पहिली बोट गाठा. तिकिटावरची वेळ सुरक्षा तपासणीच्या रांगेची असते, बोट सुटायची नव्हे. तपासणी विमानतळासारखीच, त्यामुळे सामान कमी न्या. दुपारी निघालात तर दोन्ही बेटं नीट होत नाहीत.

एलिसला निदान अडीच-तीन तास ठेवा. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं इथून देशात शिरली. वेळ कमी पडला तर बाकी दालनं सोडा, पण दुसऱ्या मजल्यावरचा नोंदणीचा मोठा हॉल आणि त्याच्या बाजूच्या तपासणीच्या खोल्या सोडू नका. सामान घेऊन जिना चढणाऱ्यांवर डॉक्टर वरून नजर ठेवायचे. कुणाला धाप लागते, कोण लंगडतं, हे पाहून संशय आला की कोटावर खडूने अक्षर: हृदयासाठी एच, पायासाठी एल, डोळ्यांसाठी ई. हा सगळा प्रकार तिसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी. वरच्या वर्गातल्यांची तपासणी सहसा जहाजावरच उरकायची! माझे बाबा त्या हॉलमधल्या बाकावर बसले ते उठेचनात.

चटपटीत_चकली
मला नाही पटत. तीन तास पाट्या वाचून बच्चेकंपनी आणि आज्या दोघीही कंटाळतात. पुतळा लांबून पाहिला तरी चालत असेल तर स्टेटन आयलंडची फेरी बोट फुकट आहे, जा आणि या.

हडसनकाठचा
फेरी मस्तच, पण ती पुतळ्याच्या बेटावर थांबत नाही. बॅटरी पार्कजवळ तिकिटं विकणारे दलालही अशाच न थांबणाऱ्या बोटींची तिकिटं गळ्यात मारतात, तेव्हा सांभाळून. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा.

मृण्मयी_एडिसन
जर्सीचं पक्कं! सासरे विचारतायत, आपले लोक यायचे का हो एलिसला?

समुद्रपक्षी
काकांना सांगा, फार थोडे. त्या काळी आपल्याकडचे, मुख्यतः पंजाबी, पश्चिम किनाऱ्याला उतरायचे. १९१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल आयलंड हे तिकडचं ठाणं. तिथे आशियाई लोकांना बरेचदा दिवसचे दिवस अडकवून ठेवत. १९१७ च्या कायद्याने तर बहुतेक भारतीयांना दारच बंद झालं.

सासूबाईंसाठी: एलिसच्या इमारतीत लिफ्ट आहे, जिन्याची काळजी नको. पुतळ्याच्या बेटावर २०१९ साली उघडलेल्या म्युझियममध्ये मूळ मशाल अगदी समोरून दिसते, वर न चढता. आणि परतताना धक्क्यावरची पाटी बघूनच बोटीत चढा. दोन्हीकडच्या बोटी तिथूनच सुटतात. गाडी जर्सीत आणि तुम्ही मॅनहॅटनला, असं नको व्हायला.