शेजारच्या बेडरूममध्ये आमचा डग्गा पोचतोय, काय करू?

नेरूळकर_विलंबित
सिडकोची जुनी बिल्डिंग. आमचा हॉल आणि शेजारच्यांची बेडरूम यांच्यात एकच भिंत, आणि त्यांची लेक बाळंतपणाला आलीये. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं किशोरीताई नाहीतर मन्सूर लावतो, बेताच्या आवाजात. तरी परवा जिन्यात काकू म्हणाल्या, "गाणं कळत नाही रे, नुसतं धम्म धम्म येतं." म्हणजे ख्याल आमच्याकडे, डग्गा त्यांच्याकडे! हेडफोन सुचवू नका, दोघांनी मिळून ऐकायचंय. दुकानदार म्हणतो भिंतीला फोम लावा. लावू?

घोडबंदरवाला
अजिबात नको. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, खर्ज भिंतीतून जायचा तो जातोच. तो अडवायला वजन लागतं. अंड्यांचे ट्रे तर विसराच. स्पीकर कुठे आहेत?

नेरूळकर_विलंबित
त्याच भिंतीला टेकून, कोपऱ्यात, खाली फरशीवर.

घोडबंदरवाला
अहो, मग तिथेच गोम आहे! कोपऱ्यात खर्ज फुगतो. खिडकीकडच्या भिंतीला न्या, हातभर पुढे ओढा, खाली जाड रबर घाला. लाउडनेसचं बटण असेल तर बंद करा, ते मुद्दाम खर्ज वाढवतं. पुस्तकांनी भरलेलं कपाट शेजारच्यांच्या भिंतीला लावलंत तर थोडा हातभार, फार नाही.
खरा फायदा जवळ बसण्यात. अंतर निम्मं केलं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीत जरा कमी. तेवढा नॉब मागे घ्या. मग बाळ जागं असताना काकूंकडे जाऊन बसा, वहिनींना फोनवर ठेवा आणि द्रुत लावायला सांगा. डग्गा ऐकू येईनासा झाला की नॉबवर खूण.

नौपाड्याची_गच्ची
ध्वनिप्रदूषणाच्या नियमाने रात्र १० ते ६, निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पण मोजणी 'ए' वेटिंगने होते, त्यात खर्जाला फार कमी धरतात. मीटर गप्प आणि काकू जाग्या, असं होऊ शकतं. काकूंचंच ऐका.

नेरूळकर_विलंबित
स्पीकर हलवले, खूण नऊच्या काट्यावर बसली. काकूंकडे आता काही जात नाही. पण एवढ्या आवाजात तानपुरा पंख्याखाली बुडतो आणि मे महिन्यात पंखा बंद करायला बायको तयार नाही. कमी आवाजाचा पंखा कुणी वापरलाय का?