चार पिनच्या कॉइल, स्पीडुइनो आणि चावी फिरवताच उडणारा फ्यूज

होटगीरोड१३००
इंजिन मारुतीचं १.३, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. डेल्को (डिस्ट्रिब्युटर) काढला. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो, घरी जोडायचा, ०.४ चा बोर्ड. क्रँकवर ३६-१ चं चाक (३६ दातांपैकी एक गाळलेला), कॅम सेन्सर नाही. कॉइल जुन्या बाजारातल्या, कोरोला आल्टिसच्या डेन्सो, चार पिनच्या, प्लगवर थेट बसणाऱ्या. चारही कॉइलना १२ व्होल्ट चावीवरून, एकच १५ अँपिअरचा फ्यूज. ट्रिगरच्या वायरी ईसीयूच्या इग्निशन आउटपुटला.

चावी ऑन केली की स्टार्टर न मारताच कॉइल तापतात आणि थोड्या वेळात फ्यूज जातो. फ्यूज टिकलाच तर स्टार्टर मारल्यावर इंजिन उलटा झटका देतं. सेटिंगमध्ये स्पार्क आउटपुट "गोइंग हाय" आहे, मेगास्क्वर्ट या दुसऱ्या ईसीयूच्या एका गाइडमध्ये तसं दिलं होतं म्हणून. पॉवर, ट्रिगर आणि अर्थ सोडून उरलेल्या पिनचं काय करायचं तेही सांगा.

जुनागिअर
ईसीयूचं आउटपुट कॉइल ओढू शकत नाही. मध्ये आयजीबीटी टाका (कॉइलचा मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर), प्रत्येक कॉइलला एक, हीटसिंकवर.

एमआयडीसी_वायरिंग
जुनागिअर, ते दोन पिनच्या साध्या कॉइलसाठी. तिथे मल्टिमीटर लावला की दोन पिनांत अर्धा ते एक ओहम दिसतो आणि आत ड्रायव्हर नसतो, म्हणून आयजीबीटी बाहेर लागतो. या डेन्सो कॉइलच्या पोटातच इग्नायटर, म्हणजे तो ड्रायव्हर, आहे. तिला फक्त ५ व्होल्टचा इशारा पुरतो. मध्ये आयजीबीटी घातला तर सिग्नल उलटा होईल आणि गोंधळ दुप्पट.

मालक, तुमचा सगळा घोळ "गोइंग हाय" या दोन शब्दांत आहे. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनोमध्ये या शब्दांचा अर्थ एकमेकांच्या उलट आहे. ही कॉइल ट्रिगर वर असेपर्यंत करंट भरते आणि ट्रिगर खाली पडला की स्पार्क देते. स्पीडुइनोत याला "गोइंग लो" म्हणतात. पोटात इग्नायटर असलेल्या जवळजवळ सगळ्या स्मार्ट कॉइलना तेच लागतं. तुमच्या सेटिंगमध्ये इंजिन बंद असतानाही ट्रिगर कायम वर राहतो, म्हणजे चारही कॉइल सतत भरत बसतात. एकेक कॉइल सहा-आठ अँपिअर ओढते, मग १५ चा फ्यूज राहील कसा?

उलटा झटकाही त्यातूनच. उलट्या सेटिंगमध्ये स्पार्क ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) संपताना न पडता ड्वेल सुरू होताना पडतो. १००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ अंश फिरतो. ड्वेल ३ मिलिसेकंद धरला तर स्पार्क १८ अंश लवकर, ३००० ला ५४ अंश लवकर. इंजिन चालू झालं नाही हे नशीबच, पिस्टन वाचले.

पिनांचा क्रम: १ बॅटरी, २ आयजीएफ, ३ आयजीटी, ४ अर्थ. आयजीटी म्हणजे तुमचा ट्रिगर. आयजीएफ ही कॉइलने कंपनीच्या ईसीयूला दिलेली पोचपावती, स्पीडुइनो ती वाचत नाही. मोकळी सोडा, पण टोकाला हीटश्रिंक चढवा. जुन्या बाजारातल्या सॉकेटच्या वायरींचे रंग बघून जोडू नका, पिनवरचा आकडा बघा.

बोर्डावर इग्निशन आउटपुट ५ की १२ व्होल्ट हे ठरवणारा जंपर आहे. तो ५ वर आहे ना? १२ वर असेल तर आतला इग्नायटर जळू शकतो, आणि तो दुरुस्त होत नाही.

टायमिंगलाइट
वरचं सगळं बरोबर. माझी भर पॉवरबद्दल. कॉइलचा पुरवठा थेट चावीवर ठेवू नका. वेगळा रिले घ्या आणि तो ईसीयूच्या फ्युएल पंप आउटपुटवर चालवा. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद प्राइम होईल, मग बंद, क्रँक फिरला की पुन्हा चालू. सेटिंग चुकलं तरी कॉइल भाजत नाहीत. आणि फर्मवेअर टाकताना कॉइलचा फ्यूज हातात काढून ठेवायचा, कारण त्या वेळी आउटपुट कुठल्या अवस्थेत असेल त्याचा भरवसा नसतो.

रिलेपासून २.५ चौरस मिमीची वायर, २० अँपिअर फ्यूज, प्रत्येक कॉइलला १ चौरसची फांदी. चारही कॉइलचा अर्थ सिलिंडर हेडवर, एकाच बोल्टला, रंग खरवडून. बॉडीला नको, आणि सेन्सरच्या अर्थमध्ये तर मुळीच नको. त्यात मिसळलात की तापमान आणि थ्रॉटलचे आकडे नाचायला लागतात. क्रँक सेन्सरची शील्डेड वायर कॉइलच्या वायरींपासून लांब न्या, शील्डची अर्थिंग फक्त ईसीयूच्या टोकाला. प्लग रेझिस्टरवालेच, एनजीकेच्या नंबरात आर असतो, जसा बीकेआर६ई मध्ये. बिनरेझिस्टरचा प्लग लावला तर ईसीयू मध्येच रिसेट होतो आणि माणूस विनाकारण वायरिंग उकलत बसतो.

कॅम सेन्सर नाही, म्हणजे स्पार्क मोड "वेस्टेड सीओपी": प्रत्येक प्लग क्रँकच्या दर फेरीला उडतो, त्यातला एक स्पार्क वाया. आउटपुट फायरिंग ऑर्डरने जोडा, सिलिंडरच्या नंबराने नाही: पहिलं १ ला, दुसरं ३ ला, तिसरं ४ ला, चौथं २ ला. इथे बहुतेकांचं चुकतं.

ड्वेल चालताना २.५ ते ३, क्रँकिंगला ४ मिलिसेकंद. व्होल्टेजच्या तक्त्यात १४ व्होल्टला १०० टक्के, १२ ला साधारण १२०, १० ला १५० पासून सुरुवात करा. गार बॅटरीवर स्टार्टर मारताना व्होल्टेज १० पर्यंत पडतं, तिथे ड्वेल कमी पडला की स्पार्क पिवळट येतो.

होटगीरोड१३००
जंपर ५ वरच आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करू?

एमआयडीसी_वायरिंग
इंजेक्टरचे सॉकेट काढा. कॉइल बाहेर, प्रत्येकीत एक जुना प्लग, प्लगचा धातू पक्का हेडला टेकवून. ट्यूनरस्टुडिओच्या (लॅपटॉपवरचं ईसीयूचं सॉफ्टवेअर) हार्डवेअर टेस्टमधून एकेक आउटपुट उडवा. पहिल्या आउटपुटला १ चा, दुसऱ्याला ३ चा, तिसऱ्याला ४ चा, चौथ्याला २ चा प्लग उडला पाहिजे. मग फिक्स्ड टायमिंग १० अंश लावून स्टार्टर मारा आणि टायमिंग लाइटने पुलीची खूण जुळवा, जुळत नसेल तर ट्रिगर अँगल बदला. प्लगवर बसणाऱ्या कॉइलला लाइटचा चिमटा लावायला एचटी (प्लगची हाय टेन्शन) वायर नसते, म्हणून पहिल्या कॉइल आणि प्लगच्या मध्ये एक जुनी एचटी वायर घाला. लाइटवर अॅडव्हान्सची चकती असेल तर ती शून्यावरच, वेस्टेड स्पार्कमध्ये तिचा आकडा चुकतो. खूण जुळल्याशिवाय इंजेक्टर जोडू नका.

चालू झाल्यावर दहा मिनिटांनी चारही कॉइलना हात लावून तुलना करा. सोलापूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली सगळंच भाजतं, त्यामुळे "गरम आहे" याला अर्थ नाही. एखादीच बाकी तिघींपेक्षा जास्त तापली तर तिची बघायची. आणि आधी भाजलेल्या या चार कॉइलपैकी एखादी लोडवर मिसफायर देईल, एक जास्तीची आणून ठेवाच.

जुनागिअर
आयजीबीटीचं मान्य, मी दोन पिनच्या समजलो होतो. पण जुना आरपीएम मीटर चालणार नाही आता, तो कॉइलच्या निगेटिव्हवर होता.

टायमिंगलाइट
बरोबर, या कॉइलला बाहेर निगेटिव्हच नाही. मीटर ईसीयूच्या टॅको (आरपीएम) आउटपुटला जोडायचा, उठत नसेल तर १२ व्होल्टला १ किलोओहमचा पुलअप. जुन्या मीटरला कॉइलचा मोठा झटका लागतो, १२ व्होल्टवर काही हलतच नाहीत. अशा वेळी रिकाम्या रिलेची कॉइल १२ व्होल्ट आणि मीटरच्या वायरीमध्ये लावून ट्रान्झिस्टरने ओढतात, तिच्या झटक्यावर काटा उठतो. रिलेत डायोड असलेला घेऊ नका, तो झटकाच खाऊन टाकतो.