रजेवर असतानाही काम सुटत नाही, यात दोष कुणाचा?

पायवाट (धागा)

चार महिन्यांपूर्वी जिना उतरताना पाय चुकला आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पायावर भार द्यायचा नाही. रजा त्याच दिवशी मंजूर झाली, कुणी एका शब्दानं टोकलं नाही. तरी तिसऱ्या दिवशी मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. सहकाऱ्याचा मेसेज होता, 'आराम कर, घाई नको. फक्त ती दरांची फाइल कुठे आहे तेवढं सांग.' त्या 'फक्त'पाशी माझी रजा संपली.

टेबलाशी बसायला पाय खाली सोडला की थोड्याच वेळात बोटं सुजून जांभळी पडायची. उशीवर घ्यायचो, ओसरली की परत खाली. दुसऱ्या आठवड्यात गोळीच्या गुंगीत मी ग्राहकाला जुन्या दरांची फाइल पाठवून दिली. ते निस्तरण्यात त्याच सहकाऱ्याचे दोन दिवस गेले.

रजेत जी टोचणी लागते तिला लोक स्वभावाचा दोष म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस रजेवर जातो तेव्हा त्याचं काम एक तर त्याची वाट बघत साचतं, नाही तर शेजारच्याच्या डोक्यावर पडतं. मग टोचणी लागणारच. फिरायला जातानाही तेच, जाण्याआधीचा आठवडा दुप्पट आणि आल्यावरचाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० च्या करारात वर्षाला किमान तीन आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि आजारपणाचे वा दुखापतीचे दिवस त्या किमान रजेत धरायचे नाहीत असंही आहे. ही किमान रजा सोडून देण्याचा सौदासुद्धा तो करार मान्य करत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. म्हणजे हा प्रश्न एकेकट्याच्या मनोबलाचा नाही, हे कुठेतरी ओळखलं गेलंय. तुम्हाला काय वाटतं?

मागे_राहिलेला

मी तो 'फक्त फाइल कुठे आहे' विचारणारा माणूस आहे. तुमच्या ऑफिसातला नाही, पण तसाच. आमच्यात पाच जण. एक आजारी, एक सुट्टीवर, की उरलेल्या तिघांत पाच जणांचं काम. पगार तेवढाच. त्यात माझी स्वतःची रजा दोनदा पुढे गेली आहे.

दुखापत सांगून येत नाही, मान्य. पण फाइल फक्त तुम्हालाच ठाऊक होती, ती का? बरेच जण काम डोक्यात ठेवतात. आपल्यावाचून अडतं यात एक सुख असतं, आणि रजेवर गेलं की त्याचाच त्रास होतो. मग दोष रचनेला. फ्रान्सचा दाखला मोठ्यांसाठी ठीक आहे, पाच जणांनी कुणाशी बोलणी करायची?

सकाळचा_अर्धा_तास

मला दोघांचंही पटत नाही. मी सुट्टीत रोज सकाळी अर्धा तास मेल बघते आणि फोन ठेवून देते. एकदा दहा दिवस काहीच न बघण्याचा प्रयोग केला. सहाव्या दिवसापासून झोप उडाली, काय साचलं असेल याचीच चित्रं डोळ्यांपुढे. पूर्ण तोडून टाकणं सगळ्यांना मानवत नाही, त्याचा आग्रह धरू नका.

कुबडी_ते_चालणं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी हाडाबद्दल. मोडलेल्या जागी पहिल्या काही आठवड्यांत मऊ जोड धरतो, मग तो हळूहळू कठीण होतो. प्लास्टर निघालं तरी हाड स्वतःला घडवत राहतं, ते काम कित्येक महिने चालतं. घोट्याचे स्नायू तोवर बारीक झालेले असतात. सहाव्या आठवड्याला 'आता बरा झालो' म्हणत पूर्ण वेळ कामावर गेलेले लोक सुजलेला पाय घेऊन माझ्याकडे परत येतात. आणि येताना अपराधी चेहऱ्यानं येतात, ते बघवत नाही.

अर्ध्या तासाबद्दल: तुम्ही ठरवून बघता आणि ठेवता, हे वेगळं. फोन कधी वाजेल म्हणून दिवसभर कान टवकारून पडून राहणं हे वेगळं. दुसऱ्यात शरीर सैल पडतच नाही.

बिलावर_जगणारी

इथे सगळे पगारदार दिसताय. मी स्वतंत्र काम करते. गेल्या वर्षी मनगट दुखावलं तेव्हा पाच आठवडे टाइप करता आलं नाही आणि पाच आठवडे एक पैसा आला नाही. दोन जुने ग्राहक दुसरीकडे गेले, परत आले नाहीत. टोचणीबिचणी पुढची गोष्ट, मला रात्री आकडेमोड झोपू देत नव्हती.

पायवाट

@बिलावर_जगणारी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्यासाठी रजा म्हणजे आधी पैसे, हे धाग्यातच यायला हवं होतं.

@मागे_राहिलेला, फाइल माझ्याच मशीनवर होती, खरं आहे. तो शब्द लागला. पण तीन वर्षांत एकदाही कुणी 'तू नसलास तर?' असं विचारलं नाही. काम सुरळीत चाललं होतं, म्हणून विचारावंसं वाटलं नसेल. ते विचारणं वरच्यांचं काम नव्हतं का? आता आमच्याकडे प्रत्येक ग्राहकामागे दोन माणसं आहेत. माझा पाय मोडेपर्यंत ते सुचलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

मागे_राहिलेला

दोन माणसं लावायला आधी दोन माणसं हवीत. आमच्याकडे ती नाहीत, आणि नवीन घ्यायचं नाव कुणी काढत नाही. त्यामुळे रचनेबद्दलचं तुमचं म्हणणं मी अर्धंच घेतो.

पण तुमचा धागा वाचून काल माझंच ड्रॉवर उघडून बघितलं. एका ग्राहकाचे सगळे हिशेब माझ्या वहीत आहेत, पेन्सिलीनं, माझ्याच खुणांमध्ये. दुसऱ्या कुणाला ओळ लागणार नाही. पुढच्या महिन्यात रजा टाकली आहे, तिसऱ्यांदा. त्याआधी वही उतरवून काढायला बसलोय. तेवीस पानं झाली, चाळीसेक बाकी आहेत.