स्ट्रोकमध्ये अल्ट्रासाऊंडने गुठळी विरघळवतात हे खरंय का?

शंकासुर:
किडनी स्टोन बाहेरून शॉकवेव्ह मारून फोडतात हे माहितीये, पण आता वाचलं की मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी पण अल्ट्रासाऊंडने विरघळवायचे प्रयोग झालेत, सोनोथ्रोम्बोलिसिस म्हणतात म्हणे. मग एवढं बिनटाक्याचं मशीन जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलात असताना स्ट्रोकच्या पेशंटला अजून इंजेक्शन आणि कॅथेटरच (रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी) का? आणि गुठळीचे तुकडे झाले तर ते पुढे जाऊन अडकणार नाहीत का? नीट माहिती असेल त्यानेच सांगा, व्हॉट्सअ‍ॅप ज्ञान नको.

डॉप्लरवाला:
खरंय, पण यात फोडाफोडी नाहीये. विरघळवण्याचं काम औषधच करतं, म्हणजे टीपीए, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. गुठळीत फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी असते, औषध तिच्या पृष्ठभागावरच काम करत बसतं, आत शिरायला वेळ लागतो. अल्ट्रासाऊंडच्या लहरींनी आजूबाजूचं द्रव हलतं, जाळी जरा सैल होते आणि औषध आतपर्यंत पोचतं, साबणाच्या पाण्यात कपडे नुसते भिजत ठेवणं आणि खळबळणं यात जो फरक तोच. तुकडे पुढे जायची भीती रास्त आहे पण ती नुसतं टीपीए दिलं तरी असतेच.

२००४ ची क्लॉटबस्ट ट्रायल यातली सगळ्यात गाजलेली. १२६ पेशंट, सगळ्यांना टीपीए, त्यातल्या निम्म्यांना कानशिलाच्या हाडातून २ मेगाहर्ट्झचा डॉप्लर (रक्तप्रवाह बघायचं अल्ट्रासाऊंड) दोन तास सतत लावून ठेवला. त्या दोन तासात वाहिनी पूर्ण उघडली किंवा पेशंट एकदम सुधारला असं ४९ टक्क्यांत झालं, नुसत्या टीपीएवाल्यांत ३० टक्के. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच. म्हणून सगळे खूश होते.

खडूस:
पुढचं पण सांगा ना, इथेच थांबलात तर वाचणाऱ्याला वाटेल की डॉक्टर लोक मुद्दाम लपवतायत. त्याच ट्रायलमध्ये तीन महिन्यांनी चांगले बरे झालेले मोजले तर ४२ विरुद्ध २९ टक्के, दिसायला छान पण एवढ्या कमी पेशंटमध्ये तो योगायोग असू शकतो. मग मोठी ट्रायल झाली, क्लॉटबस्ट-ईआर, ६७६ पेशंट, डोक्यावर बसवायची, अल्ट्रासाऊंड सोडणारी खास फ्रेम. फायदा दिसत नाही म्हणून मधेच थांबवली, २०१९ ला छापून आली. नुकसान नाही, पण ९० दिवसांनी फरकही नाही. माझ्या मते स्ट्रोकपुरता विषय तिथेच संपला.

डॉप्लरवाला:
संपला म्हणणं घाईचं आहे. पहिल्या ट्रायलमध्ये हाताला सवय असलेला माणूस गुठळी शोधून बीम बरोबर तिच्यावर धरून बसायचा, फ्रेममध्ये बीम साधारण त्या भागात सोडून दिलेला, कारण ती कोणालाही लावता यावी हाच हेतू होता. दोन्ही एकच उपचार आहेत असं मला तरी वाटत नाही. पण हो, दोन तास प्रोब धरून बसणारा माणूस रात्री तीनला कुठून आणणार हाही प्रश्न आहेच.

लहरी:
हाडाचं कोणी बोललंच नाही. कवटी अल्ट्रासाऊंड भरपूर खाते, कानशिलाजवळ पातळ असते म्हणून तिथून घ्यायचं, आणि काही जणांमध्ये, खासकरून वयस्कर बायकांमध्ये, तिथूनही सिग्नल जात नाही. मग एखाद्याला वाटेल की फ्रीक्वेन्सी कमी करा, हाडातून जास्त जाईल. ते करून झालंय! ट्रम्बी नावाची ट्रायल, ३०० किलोहर्ट्झ, २००५ ला आली, रक्तस्राव इतके वाढले की २६ पेशंटवरच बंद करावी लागली. ३०० किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ५ मिलिमीटर, बीम पसरतो, कवटीच्या आत आपटून परत येतो आणि लहरी एकमेकींवर चढून भलत्याच ठिकाणी जोर वाढू शकतो. २ मेगाहर्ट्झला हीच लांबी १ मिलिमीटरपेक्षा कमी.

खडूस:
आणि २०१५ मध्ये कॅथेटरने गुठळी ओढून काढण्याच्या ट्रायल एकामागून एक यशस्वी झाल्या, त्यामुळे मोठ्या वाहिनीसाठी बाकी सगळं मागे पडलं. फुफ्फुसातल्या गुठळीसाठी मात्र कॅथेटरच्या टोकातूनच अल्ट्रासाऊंड आणि औषध सोडतात, ते वापरात आहे. तिथेही २०२१ च्या सनसेट ट्रायलमध्ये साध्या कॅथेटरने औषध दिलं तरी गुठळी तेवढीच कमी झाली, म्हणजे अल्ट्रासाऊंडचा वाटा किती हे तिथेही धूसरच.

शंकासुर:
धन्यवाद सगळ्यांना, बरंच कळलं. एक बावळट प्रश्न, फिजिओथेरपीचं अल्ट्रासाऊंड मशीन पण १ मेगाहर्ट्झचं असतं ना, अटॅक आल्यावर हॉस्पिटलला पोचेपर्यंत ते लावलं तर?

डॉप्लरवाला:
अजिबात नको. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, एवढ्यावरून गुठळी आहे की रक्तस्राव हे कोणालाच कळत नाही, त्यासाठी सीटी लागतो. शिवाय औषधाशिवाय नुसत्या लहरींवर भरवसा ठेवावा असं आत्तापर्यंत काही दिसलेलं नाही. टीपीएची वेळ साडेचार तास आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं, त्यामुळे मशीन शोधण्यात जाणारी दहा मिनिटं गाडी काढण्यात घालवा, आणि पेशंट शेवटचा कधी धडधाकट होता ती वेळ लिहून घ्या, आत शिरल्या शिरल्या पहिलं तेच विचारतात.