स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा भाऊ घरच्यांशी आणि मित्रांशी बोलेनासा झाला आहे

प्रश्न (मोठी बहीण, अंबाजोगाई परिसर):
माझा धाकटा भाऊ पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन) राहून राज्यसेवेची, म्हणजे एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोग) अधिकारी पदांच्या परीक्षेची तयारी करतो. त्याचे भाडे, अभ्यासिकेची फी आणि मेसचा खर्च वडील सोयाबीनच्या पैशांतून भागवतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचे पीक गेले आणि त्याच पावसामुळे २८ सप्टेंबरची पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेली. नुकसान नेमके किती झाले हे आम्ही त्याला सांगितलेले नाही. तेव्हापासून तो फोन टाळतो, उचललाच तर 'अभ्यास चालू आहे' एवढेच बोलून ठेवतो. त्याच्या खोलीतला मित्र दुसऱ्या एका परीक्षेतून नोकरीला लागला, त्याच्याशीही त्याने बोलणे सोडले आहे. वडील चिडतात, आई रडते. आम्ही नेमके कसे वागावे?

उत्तर १ (माजी परीक्षार्थी, सध्या खासगी नोकरीत):
ताई, घरून फोन आला की 'पेपर कसा गेला', 'कट-ऑफ किती लागेल' हेच कानावर येणार हे मुलाला ठाऊक असते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात नाही तो रोज ऐकावा लागू नये म्हणून तो फोनच टाळतो. काही दिवस परीक्षेचा विषय घरच्यांनी काढूच नये. गोठ्यातली गाय व्याली, चुलत्यांच्या घरी सोयरीक जमली, असे साधे बोलणे चालू ठेवा.

नुकसान मात्र लपवू नका. गावाकडच्या पावसाच्या बातम्या तो रोज मोबाइलवर पाहतो, त्यामुळे तुमच्या मौनातून तो खऱ्यापेक्षा मोठे संकट कल्पितो आणि महिन्याचे पैसे आले की अपराधी वाटून घेतो. 'इतके गेले, इतके उरले, पुढच्या जूनपर्यंत इतके पाठवता येतील' असे वडिलांनी शांतपणे आकड्यांत सांगावे. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ वर्षे असल्यामुळे थांबायचे कधी हे परीक्षा ठरवून देत नाही. ते त्याच्यासोबत बसून ठरवावे लागते. निकालाच्या आठवड्यात मात्र ही चर्चा मुळीच काढू नये.

उत्तर २ (सदाशिव पेठेत राहणारी परीक्षार्थी):
मित्राविषयी लिहिते. एकाच टेबलावर नोट्स वाटून घेतलेल्यांपैकी एकाची निवड झाली की दोघेही अवघडतात: मागे राहिलेल्याला असूया वाटल्याची लाज वाटते आणि निवड झालेल्याला आपला आनंद त्याला टोचेल अशी धास्ती वाटते. पहिले पाऊल निवड झालेल्यानेच टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची त्या मुलाशी ओळख असेल तर त्याला सांगा की सल्ला देऊ नकोस, 'तू अमुक पुस्तक वाच' म्हणू नकोस, फक्त पूर्वीसारखा संध्याकाळी चहाला घेऊन जा. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असल्यामुळे एकमेकांची उत्तरे वाचणारा जोडीदार प्रत्येकालाच लागतो, आणि कदाचित त्या निमित्ताने तुटलेले बोलणे पुन्हा जुळेल.

उत्तर ३ (समुपदेशक):
वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, तरी एक गोष्ट आधी तपासा. झोप आणि जेवण बिघडले आहे का, तो अभ्यासिकेत जायचा थांबला आहे का, 'मी तुमच्यावर ओझे आहे' असे बोलतो का? तसे असेल तर जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे त्याला सरळ आणि मायेने विचारा. विचारल्याने तसे विचार नव्याने निर्माण होत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते, आणि त्याच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. आकड्यांचे बोलणे करायला वडील तयार झाले आहेत. मी रविवारी पुण्याला जाते आहे. त्याला आधी कळवावे का?

उत्तर ३:
अवश्य कळवा, आणि आई-वडिलांना या खेपेला घरीच राहू द्या. खोलीवर इतर मुले असतील, म्हणून त्याला बाहेर जेवायला न्या.